भिंगची गोगलगाय

हे लिहायचंच नाही असं ठरलं होतं. टाईप केलं, उडवलं, परत टाईप केलं, परत उडवलं. कारण गोष्ट मावशीची आहे, आणि घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची म्हणजे बोटं अडतातच ना. तिला विचारलं तर आधी फटकन म्हणाली, "माझी लक्तरं वेशीवर टांगायला तुला दुसरं कोणी भेटलं नाही का गं?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन. "लिही. पण एक अट आहे. मला चांगली करून दाखवायची नाही."

बरं. मग एका दमात लिहून टाकायचं, मागे वळून बघायचं नाही. बघितलं की उडवलं जाणार.

तर मावशी. शाळेत जीवशास्त्राच्या बाई. अंगाने काडी, चालणं असं की बरोबर चालणाऱ्याला पळावं लागतं, आणि खांद्याला ती एक पर्स, जिच्यात हात घालायची हिंमत आमच्या घरात कोणाचीच नाही. कंगवा शोधायला जावं आणि हाताला गांडूळ लागावं. चहाची जुनी गाळणी, दात घासून संपलेले ब्रश, जॅमच्या रिकाम्या बाटल्या, कुठल्या तरी किड्याची वाळकी कात, सगळं त्यात. काका, म्हणजे तिचा नवरा, त्यांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्याकडे फ्रीज उघडायच्या आधी दार वाजवावं लागतं. आत सध्या कोण राहायला आलंय ते हिलाच माहीत."

ती पहिल्यापासून अशी नव्हती. नोकरीला लागली तेव्हा सगळ्यांसारखीच छडीने तक्ता दाखवून शिकवायची. हा बेडूक, हे त्याचं हृदय, इथून रक्त असं जातं, इथून तसं येतं. तास संपताना एका मुलाने हात वर केला. "बाई, बेडकाच्या पोटात एवढे बाण का असतात?" वर्ग खो-खो हसला. मावशीला मात्र हसू आलं नाही. तिच्या मनात आलं, या पोराने आयुष्यात कधी बेडूक पाहिलेलाच नाही, आणि मी त्याला बेडकाचं हृदय शिकवतेय! दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग घेऊन ती शाळेच्या मागच्या अंगणात गेली, ती गेलीच.

मागचं अंगण म्हणजे काही बाग नव्हे हां. गळणारी पाण्याची टाकी, तिच्यामुळे कायम ओली असलेली भिंत, भिंतीवर शेवाळ, गुडघाभर रान, आणि एका कोपऱ्यात मोडक्या बाकांचा ढीग. बाकी सगळ्यांना तिथे उकिरडा दिसायचा. मावशीचा तिथला एकच नियम होता. वीट उचलायची, खाली बघायचं, आणि होती तशी अलगद परत ठेवायची. "कोणाचं तरी छप्पर आहे ते," असं ती म्हणायची. मुलं पानं चुरगाळून वास घ्यायची, मुंग्यांच्या रांगेत साखरेचा दाणा ठेवून भांडणं बघायची, गाळणीने टाकीतल्या डासांच्या अळ्या पकडायची. घंटा झाली तरी कोणी हलायचं नाही. मग वर्गात परतताना पायांना चिखल, आणि शिपाईमामा झाडू घेऊन दारात उभे. "बाई, वर्ग झाडायचा की नांगरायचा तेवढं सांगा."

या सगळ्या पोरांत एक मुलगी होती. तिला सगळे भिंग म्हणायचे.

भिंग म्हणजे आठवीतली बारकुंडी पोर, पुढचे दोन दात मोठे, आईचं इस्त्रीचं दुकान. बोलायला घाबरायची, बघायला नाही. इतरांना हिरवं पान दिसायचं, तिला पानावरची हिरवी अळी दिसायची. मुंग्या चालल्यात हे सगळ्यांना कळायचं, पण त्यातली एक लंगडतेय हे भिंगला कळायचं. हे नाव मावशीनेच ठेवलेलं. "हिला भिंग द्यायची गरज नाही, ही स्वतःच भिंग आहे," असं एकदा वर्गात म्हणाली आणि ते चिकटलं. आणि ती पोर त्या नावाने अशी फुलायची की काय सांगू! घरी जाऊन आईला सांगितलं, आईने दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं.

त्या वर्षी मावशीने गोगलगायींचा प्रयोग काढला. ओल्या भिंतीवर गोगलगायी भरपूर. प्रश्न एकदम सोपा होता, गोगलगाय आपली जागा धरून राहते की भटकते? प्रत्येकाने आपली एक गोगलगाय निवडायची, तिच्या शंखावर आपली खूण रंगवायची, होती तिथे सोडायची, आणि एका आठवड्याने शोधायची. खुणेला नेलपॉलिश. मुलं म्हणाली, कुठला रंग? मावशी म्हणाली, "लाल लावा. लांबून दिसेल."

हे वाक्य लक्षात ठेवा. तिला अजून आठवलं की ती डोळे मिटून घेते.

सगळ्यांनी लाल रंगात फुल्या, रेघा, चांदण्या काढल्या. भिंगने फक्त एक ठिपका टेकवला, तोही नाखुशीने.

"एवढासाच? हरवली तर ओळखशील कशी?"

"माझ्या गोगलगायीला खूण आहेच, बाई. हे बघा, शंखाच्या तोंडाशी टवका उडालाय. रंग कशाला?"

मावशीने वाकून पाहिलं. खरंच टवका होता, नखाएवढासुद्धा नाही. "शाब्बास," ती म्हणाली आणि भिंगच्या डोक्यावर टपली मारली. मग पुढच्या पोराकडे वळली, कारण त्याने स्वतःचीच नखं रंगवून घेतली होती.

आता इकडे काय चाललं होतं, तर हेडसरांच्या डोक्यात मागच्या अंगणात फरशी घालून सायकल स्टँड करायचं शिजत होतं. पालकांच्या तक्रारी होत्या. कपडे खराब होतात, पोरं पुस्तक सोडून किडे बघतात. हेडसर माणूस वाईट नव्हे, पण वारा येईल तशी पाठ फिरवणारा. त्यांनी मावशीला बोलावून सांगितलं, "वरून दोन साहेब येतायत शाळा बघायला. त्यांना तुमचं ते बाहेरचं शिकवणं दाखवा. त्यांना पटलं तर अंगण राहील. नाही पटलं तर मी काही करू शकत नाही बाई, हात वर."

आणि साहेब येणार होते नेमके गोगलगायी शोधायच्या दिवशी.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मावशी एकटीच मागे गेली. सहज, बघावं किती सापडतायत. भिंतीवर गोगलगायी होत्या, पण सगळ्या साध्या. लाल एकही नाही. रान चाळलं, विटा उचलल्या. नाही. मग मान वर गेली. टाकीच्या झाकणावर दोन कावळे बसले होते, चोच पुसत.

बाकांच्या ढिगावर चढून तिने झाकणावर पाहिलं. फुटलेले शंख. लाल फुली, लाल रेघ, अर्धी चांदणी. सगळे तिथेच. कावळ्यांनी एकेक उचलून आणून झाकणावर आपटून फोडले होते. साध्या गोगलगायी भिंतीच्या रंगात मिसळून सुखरूप राहिल्या, आणि आठवीच्या मुलांनी प्रेमाने रंगवलेल्या तेवढ्या कावळ्यांना लांबून दिसल्या. लांबून दिसाव्यात म्हणूनच तर रंगवल्या होत्या ना!

त्या शंखांत एकाला एकच ठिपका होता, आणि तोंडाशी जुना टवका.

मावशी सांगते, त्या क्षणी तिला रडू आलं नाही. डोळ्यांपुढे फक्त फरशी आली. गुळगुळीत, राखाडी, ओळीने लावलेल्या सायकली. साहेबांपुढे तीस-चाळीस पोरं रडणार, पालक म्हणणार बाईंनी जीव मारायला लावले, आणि संपलं. तिने सगळे तुकडे रुमालाने गोळा केले आणि जॅमच्या बाटलीत भरले. मग त्याच ओल्या भिंतीवरच्या साध्या गोगलगायी वेचून घरी आणल्या.

काका दुकानातून आले तेव्हा ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून गोगलगायींना नेलपॉलिश लावत होती. फुल्या, रेघा, चांदण्या. पोरांच्या खुणा तिला पाठ होत्या.

"स्वतःची नखं संपली वाटतं?" काका म्हणाले.

मग तिने सांगितलं. काका पाणी प्यायले, आणि त्यांच्या नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हणाले, "गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ते मला वाटलं होतं त्या गोगलगायींबद्दल."

ही म्हण मावशी दर वर्षी वर्गात वापरते बरं का. गोगलगायीचा पाय खरंच पोटाखाली असतो, म्हण म्हणजे शंभर टक्के जीवशास्त्र, असं म्हणून मुलांना हसवते. त्या संध्याकाळी तिला ती म्हण सुईसारखी लागली. पण हात थांबला नाही. ठिपक्याची गोगलगाय सगळ्यात शेवटी रंगवली. सगळ्यात सोपी होती ना ती. टवका ती विसरलीच.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तिने त्या भिंतीवर नेऊन सोडल्या, आणि पुढे काय झालं असेल तुम्हाला कळलंच असेल. साहेब आले, मुलं पांगली, "सापडली! बाई, माझी सापडली!" असा गलका. एक साहेब तर बूट चिखलात घालून स्वतः वाकून शोधायला लागले. हेडसर असे हसत होते जणू गोगलगायी त्यांनीच पाळल्यात. आणि भिंग आपली गोगलगाय तळहातावर घेऊन मावशीसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, ही माझी नाहीये."

"ठिपका आहे की. तुझीच."

"ठिपका आहे, पण टवका नाहीये. आणि ही लहान आहे. शंखाच्या रेघा पण वेगळ्या आहेत, बाई. कोणीतरी..."

साहेब कौतुकाने वळले. "अरे वा, काय म्हणतेय मुलगी?"

मावशीचे कान तापले. ती म्हणते, मला तेव्हा नुसतं 'बरोबर आहे, बघू या' एवढं जरी म्हणता आलं असतं! पण तिच्या तोंडून निघालं, "काही नाही सर, जरा धांदरट आहे. शंख भरून येतो गं वेडाबाई, शिकवलं नव्हतं का?" शंख भरून येतो हे खरं आहे, पण आठवड्यात असा बेमालूम नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? भिंग तरी हलेना. "पण बाई, मी नीट बघितलंय..." आणि मग मावशी म्हणाली, "नीट बघत असतीस तर ही वेळ आली असती का? डोळे तपासून घे एकदा. आईला सांग, बाईंनी सांगितलंय."

वर्ग हसला. साहेबही हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "फुटकं भिंग!"

भिंगने तळहातावर परत एकदा पाहिलं. मग मावशीकडे पाहिलं. आणि हळूच म्हणाली, "हो बाई. माझीच आहे."

अंगण राहिलं. एवढंच नाही, साहेबांनी इतका गवगवा केला की दुसऱ्या शाळांचे शिक्षक बघायला यायला लागले. टाकी दुरुस्त झाली, गळती मात्र मावशीने मुद्दाम थोडी ठेवून घेतली. तिचा सत्कार झाला. तिला भाषणांना बोलवायला लागले आणि प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं, "मुलांना पाठ करायला नाही, बघायला शिकवा." टाळ्या पडायच्या. आम्ही पहिल्या रांगेत बसून जोरात वाजवायचो. काका मात्र दर वेळी त्या वाक्याला बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचे. आम्हाला वाटायचं यांना वेंधळेपणाची सवयच आहे. आता कळतं ते.

आणि भिंग? ती हात वर करायची बंद झाली. भिंतीपाशी गेली तरी आधी शेजारणीला विचारायची, "तुला काय दिसतंय?" आणि तेच स्वतःच्या वहीत लिहायची. मावशीला हे दिसत होतं. रोज दिसत होतं! आज मधल्या सुट्टीत बोलू, असं ती रोज ठरवायची आणि मधल्या सुट्टीत तिला नेमकं काहीतरी काम निघायचं. दोन वर्षं गेली. मुलगी दहावी होऊन शाळेतून गेली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी बाईंना गराडा घातला, भिंग दाराशी उभी राहून हात हलवून गेली. फुटक्या शंखांची बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात चंचुपात्रांच्या मागे सारलेली होती, तिथेच राहिली.

मग मध्ये बरीच वर्षं.

मावशीला अक्षरं धूसर दिसायला लागली म्हणून काका तिला गेल्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसवलं होतं, समोरचं सगळं विरघळलेलं. शेजारून एक बाई म्हणाल्या, "बाई ना तुम्ही? ओळखलंत का? भिंगची आई. इस्त्रीवाली."

मावशी म्हणाली, अगंबाई, कशी आहेस, लेक काय करते.

"कापडाच्या गिरणीत आहे. कापड तपासायला. बाई, तुमचे उपकार आहेत हो आमच्यावर."

"माझे कसले?"

"तुम्ही तेव्हा डोळे तपासायला सांगितलंत ना. मी लगेच घेऊन आले होते हिला, इथेच. दुकान बंद ठेवून. डॉक्टर म्हणाले, डोळे एकदम उत्तम. पण हिला पटेचना! दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, तेही तेच म्हणाले. पोर रडून रडून म्हणायची, मग मला चुकीचं का दिसतं? अजून तिची ती खोड गेलेली नाही बघा. घरातून निघताना कुलूप लावलंय का हे मला विचारते, समोर कुलूप दिसत असून. पण एवढ्या पोरांत तुम्ही माझ्या पोरीची काळजी केलीत. कोण करतं आजकाल?"

आणि त्या माउलीने मावशीचा हात हातात घेतला.

मावशी म्हणते, डोळ्यांतल्या थेंबांमुळे पाणी येतंय असं वाटून भिंगच्या आईने कापसाचा बोळा पुढे केला. "तो बोळा धरून मी बसले होते. तिने मला शिव्या दिल्या असत्या, तोंडावर मारलं असतं, तर परवडलं असतं. उपकार म्हणाली गं."

तुम्हाला वाटेल दुसऱ्या दिवशीच गिरणीत गेली असेल. छे! माणूस काय काय कारणं काढतो. आधी डोळे बरे होऊ देत. मग परीक्षा होऊ देत. मग काका म्हणाले, "मी सोडतो चल," तर हिचं डोकं दुखायला लागलं. एकदा तर खरंच फाटकापर्यंत गेली, आणि फाटकाशेजारी गिरणीचं कापड विकायचं दुकान आहे, तिथून सोफ्याचं जाडजूड कापड घेऊन परत आली. त्यांच्या घरी सोफाच नाहीये! ते कापड बघून काका एवढंच म्हणाले, "आता सोफा घ्यायचा की तिला भेटायचं, तूच ठरव. मला दोन्ही चालेल."

मग गेली. बाटली पर्समध्ये घालून.

कापड तपासायची खोली लांबलचक, दिवसासुद्धा दिवे लावलेले. काचेची टेबलं, काचेखाली उजेड, आणि त्या उजेडावरून कापड सरकत जातं. प्रत्येक टेबलाशी एक मुलगी. सुटलेला धागा, गाठ, डाग दिसला की पायाने यंत्र थांबवायचं आणि तिथे एक छोटा लाल ठिपका चिकटवायचा. लाल! मावशी दारातच थबकली. एका मुलीने विचारलं, कोण हवंय? मावशीने सांगितलं. तर ती मुलगी खोलीभर ओरडली, "ए दोनदा! तुझ्याकडे पाहुण्या आल्यात गं!"

"दोनदा?" मावशीने विचारलं.

"अहो, सगळं दोनदा बघते ना ती. एक ठिपका लावायचा तर आधी मला बोलावणार, खरंच डाग आहे का गं? आणि असतोच हो, दर वेळी! आमच्या सगळ्यांत जास्त तिलाच दिसतं. पण माझं काम राहतं ना."

तोवर भिंग आली. उंच झालेली, दात मात्र तेच. "बाई! तुम्ही? इथे?" तिने झटकन आपली खुर्ची रुमालाने पुसून पुढे केली. मावशी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरली. तिने पर्समधून बाटली काढली आणि उजेडाच्या काचेवर ठेवली.

भिंगने झाकण उघडलं. तुकडे काचेवर पसरले, बोटाने एकेक बाजूला सारला, आणि त्यातला एक उचलला.

"ही माझी," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी! क्षणभरात! आणि मग काय केलं माहीतेय? ती शेजारच्या टेबलाकडे वळली. "ए, जरा बघ ना गं. इथे टवका आहे ना? का मला नुसतं..."

"आहे," मावशी म्हणाली. "तिला विचारू नकोस. आहे टवका. तेव्हाही होता. तू हातात धरलेली गोगलगाय तुझी नव्हती, मी रंगवलेली होती. तुझे डोळे बरोबर होते. खोटं मी बोलले."

भिंग उभीच. तिच्या टेबलावरचं कापड तसंच अर्धवट थांबलेलं. मग तिने शंख उलटा केला, सुलटा केला. "कावळे?"

"हो."

"लाल रंगामुळे दिसल्या त्यांना?"

"हो. मीच म्हटलं होतं, लाल लावा."

"आणि न रंगवलेल्या राहिल्या?"

"सगळ्या राहिल्या."

"बाई!" तिचा आवाज एकदम चढला, दोन-तीन मुलींनी वळून पाहिलं. "मग हे का नाही सांगितलंत? हे केवढं भारी होतं! गोगलगाय कुठे जाते यापेक्षा हे कितीतरी... आम्ही तेव्हाच शोधून काढलं असतं ना! त्या साहेबांसमोर काढलं असतं. मी काढलं असतं!"

मावशीला अंगण जाईल म्हणून भीती वाटली होती, आणि अंगण कशासाठी असतं तेच ती त्या दिवशी विसरली होती. ती एवढंच म्हणाली, "हो. तूच काढलं असतंस."

"आई तुम्हाला देव मानते. तिला मी काय सांगू?"

"जे खरं आहे ते."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा." आणि मग, "मला राग आलाय, बाई. खूप आलाय. आत्ता माफ वगैरे करा म्हणू नका."

"नाही म्हणत."

"तुम्ही आधी यायला हवं होतं."

एवढं बोलून तिने पायाने यंत्र चालू केलं. बाकीचे तुकडे बाटलीत भरून परत दिले. टवक्याचा शंख नाही दिला.

मावशी तिथून तडक इस्त्रीच्या दुकानात गेली. आईने सगळं ऐकून घेतलं, हातातली इस्त्री उभी करून. शर्ट अर्धाच झालेला. शेवटी म्हणाली, "म्हणजे डोळे तुमचे तपासायला हवे होते," आणि परत शर्ट ओढला. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मावशी गिऱ्हाइकांच्या बाकाशेजारी थोडा वेळ उभी राहिली आणि घरी आली.

या वर्षी आठवीला गोगलगायी शिकवायच्या आधी तिने बाटली टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. भिंगचं नाव न घेता, स्वतःचं मात्र घेऊन. मग एक आगाऊ पोरगी म्हणाली, "बाई, प्रयोगात खोटं लिहिलं तर तुम्ही आम्हाला शून्य देता."

"देते."

"मग तुम्हाला?"

"शून्यच," मावशी म्हणाली. शिपाईमामा दारात ऐकत उभे होते, त्यांनीसुद्धा त्या दिवशी चिखलावरून काही टोमणा मारला नाही.

मी विचारलं, आता बरं वाटतंय का? तर म्हणाली, नाही. त्या मुलीची आठवीपासूनची सगळी वर्षं मी बाटलीत भरून ठेवली होती, आता झाकण काढल्यावर ती थोडीच परत मिळतात? आणि हे म्हणताना तिने इतक्या सरळ माझ्याकडे पाहिलं की मलाच मान खाली घालावी लागली.

परवा तिच्या मोबाइलवर एका अनोळखी नंबरावरून मेसेज आला. नमस्कार नाही, नाव नाही. फक्त, "बाई, तपकिरी रंग लावून बघितलात का? अर्ध्यांना लाल, अर्ध्यांना तपकिरी. पण लाल खऱ्या गोगलगायींना नको, रिकाम्या शंखांना लावा."

मावशीने चष्मा पुसून ते परत परत वाचलं. मग एका बोटाने टाईप केलं, "तू ये ना बघायला."

उत्तर यायला संध्याकाळ झाली. "बघते."

बघते म्हणजे येईन की येणार नाही, कोणाला माहीत. पण मावशीने मुलांना रिकामे शंख गोळा करायला लावलेत, आणि काकांनी दुकानातून तपकिरी रंगाचा अर्धा डबा आणून दिलाय.

मला एवढंच म्हणायचंय. तुमच्याही कपाटात कुठेतरी अशी बाटली असेल. एखादा माणूस असेल, ज्याला तुम्ही एकदा खोटं पाडलंत आणि तो खरा होता. तो तुमचे उपकार मानत बसला असेल कदाचित, आणखी वाईट. डोळे बरे होऊ देत, परीक्षा होऊ देत, असं करत बसू नका हो. नको असलेलं सोफ्याचं कापड घेऊन फाटकावरून परत येऊ नका. तो रागावेल, बस म्हणणार नाही, रागावू दे. हे वाचून झालं ना? मग चपला घाला आणि जा, भेटून या त्याला.